पाऱ्याचा दिवा उघड्या हातानं उचलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडून आठवडा झाला होता. सकाळी साडेअकराच्या सुमाराला आमच्या तालुक्यातल्या एका शाळेतून फोन आला. “काका, प्रोजेक्टरचा बल्ब गेला. केवढा मोठा आवाज झाला! येताना दुसरा घेऊन या.” आवाज झाला म्हटल्यावर मी हातातली सोल्डर गन खाली ठेवली आणि आधी विचारलं, “पोरं कुठं आहेत?” “वर्गातच आहेत की,” सर म्हणाले. “मावशींनी केर पण काढला.” मी म्हटलं, “सर, पहिल्यांदा पोरं बाहेर काढा. मावशींनाही बाहेर घ्या. खिडक्या-दारं सताड उघडा आणि मी येईपर्यंत कुणाला आत जाऊ देऊ नका.”

मिरजेहून स्कूटरवर पोचायला मला पाऊण तास लागला. सहावीचा वर्ग. पडद्यावर चित्र नीट दिसावं म्हणून खिडक्यांना काळे पडदे लावलेले होते. प्रोजेक्टर स्लॅबला टांगलेला, बरोबर तिसऱ्या बाकाच्या वर. बाकावर आणि फरशीच्या सांध्यांत खडीसाखरेसारखे काचेचे कण होते. मावशींनी मोठे तुकडे हातानं वेचून, बारीक केर केरसुणीनं सुपलीत भरून हापशाजवळच्या कचऱ्यात टाकला होता. व्हरांड्यात एका पोरानं कंपासपेटी उघडून मला एक तुकडा दाखवला. “काका, हा हिरा आहे का?” तुकडा खरंच सुंदर होता. दिव्यामागच्या आरशाचा होता तो. त्या आरशावर एक पातळ लेप असतो. उजेड पुढं जावा आणि उष्णता मागं निघून जावी म्हणून तो दिलेला असतो, त्यामुळं तुकडा हलवला की त्यावर जांभळा, हिरवा, सोनेरी असे रंग खेळतात. मी तो कागदात गुंडाळून घेतला, पोराला साबणानं हात धुवायला लावले आणि कंपासपेटी ओल्या कागदानं पुसून दिली.

त्या शाळेतल्या कुणाला दोष द्यावा, असं मला वाटत नाही. सरांना वाटलं बल्ब गेला. घरातला बल्ब गेला तर आपण काय करतो? काढतो, टाकतो, नवा लावतो. पण ही वस्तू वेगळी आहे, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. लॅम्पच्या खोक्यात सूचनेचा कागद असतो. तो इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला, आणि खोकं तर पहिल्याच दिवशी टाकून दिलेलं असतं. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण कृपया छापावं.

मी १९८७ पासून टीव्ही दुरुस्त करतो. पिक्चर ट्यूबच्या काळात आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, सेट बंद असला तरी ट्यूबच्या कॅपला हात लावायचा नाही, तिथं पंचवीस हजार व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. त्या भीतीनं आमची पिढी वाचली. पण ट्यूब गेली, सपाट सेट आले, आणि आता टीव्हीत घाबरण्यासारखं काही उरलं नाही असं लोकांनी धरून टाकलं.

दिव्याचा टीव्ही मी पहिल्यांदा २००५ साली उघडला. आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी मुंबईहून आणलेला, कपाटाएवढा, ५० इंची, मागून पडद्यावर चित्र टाकणारा सेट. असे मोजकेच सेट आमच्या भागात आले. जगात ते सगळ्यांत शेवटी बनवणारी मोठी कंपनी मित्सुबिशी, तिनंही २०१२च्या डिसेंबरात ते थांबवले. सेट गेले, पण त्यांतला दिवा गेला नाही. तोच दिवा आज शाळांच्या, मंगल कार्यालयांच्या आणि गणपती मंडळांच्या प्रोजेक्टरमध्ये आहे. म्हणून टीव्हीचा लॅम्प आणि प्रोजेक्टरचा लॅम्प यांबद्दल मी एकत्रच लिहितो आहे.

हा दिवा फिलिप्सनं १९९५ मध्ये बाजारात आणला. आपल्या साध्या बल्बात तार तापते आणि उजेड पडतो. यात तारच नाही. मध्ये वाटाण्याएवढी क्वार्ट्झ काचेची गोळी असते, भिंत चांगली जाड. दोन्ही बाजूंनी टंगस्टनचे दोन दांडे आत येतात आणि त्यांच्या टोकांमध्ये जेमतेम एक मिलिमीटर जागा असते. गोळीत थोडा आर्गॉन वायू, किंचित ब्रोमीन आणि पारा. पारा किती? दहा-वीस मिलिग्रॅम, मॉडेलप्रमाणं थोडा कमी-जास्त. विझलेला, थंड झालेला लॅम्प उजेडाकडं धरून पाहिलात तर काचेच्या आत पाऱ्याचे बारीक ठिपके चिकटलेले दिसतात. सुरू करताना सर्किट या एक मिलिमीटरच्या फटीत हजारो व्होल्टची ठिणगी पाडतं. मग पाऱ्याची वाफ होते, ठिणगीची ज्योत बनते आणि व्होल्टेज सत्तर-ऐंशीवर येऊन स्थिरावतं.

आता दाब बघा. मोटारीच्या चाकात आपण तीसेक पौंड हवा भरतो, म्हणजे दोन बारच्या आसपास. पेटलेल्या लॅम्पच्या त्या वाटाण्यात २०० बारच्या घरात दाब असतो. चाकाच्या शंभर पट. आणि काच असते ९०० ते १००० अंशांवर. इतक्या दाबावर पाऱ्याचा उजेड पांढरा पडतो, म्हणून हे सगळं करावं लागतं. हे चाक मुलांच्या डोक्यावर टांगलेलं आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंचसं काम होईल.

असा दिवा जातो कसा? म्हातारपणानं गेला, तर ते मरण बरं. दांड्यांची टोकं झिजतात, फट रुंदावते, ज्योत लांबते. चित्र मळकट दिसू लागतं, मध्येच फडफडतं. टंगस्टन उडून काचेवर काळपट थर बसतो. आत ब्रोमीन घातलेलं असतं ते हाच टंगस्टन काचेवरून उचलून परत दांड्यावर नेऊन बसवायला, पण त्यालाही मर्यादा आहे. काच काळवंडली की ती उजेड बाहेर सोडण्याऐवजी स्वतःच गिळते, आणखी तापते, हळूहळू दुधासारखी पांढरी होते. तशी झालेली काच ठिसूळ असते. दोन ते चार हजार तासांनंतर मशिन लॅम्प बदला म्हणून इशाऱ्याचा छोटा दिवा लुकलुकवतं, ते उगाच नाही. आणि आपल्याकडं काय करतात? मेनूत जाऊन तासांचा आकडा शून्य करतात. लॅम्प तोच, आकडा नवा. २०११च्या वर्ल्ड कपच्या वेळी एका हॉटेलवाल्यानं फायनल होऊ दे म्हणून गळ घातली आणि मीही एकदा असं करून दिलं. आठ दिवसांत तो लॅम्प फुटला. सुदैवानं दुपारी, हॉल रिकामा असताना. त्यानंतर कितीही गळ घातली तरी मी आकड्याला हात लावलेला नाही.

पण आमच्या भागात म्हातारपणानं जाणारे लॅम्प थोडे. बरेचसे तरुण मरतात, आणि ते वीज आणि धूळ या दोघांपायी.

वीज जाते तेव्हा पडद्यावर अंधार होतो, पण लॅम्पचं काय होतं ते कुणाला दिसत नाही. नेहमीच्या पद्धतीनं बंद केलं तर पंखा मिनिट-दोन मिनिटं चालू राहून गोळी थंड करतो. वीज गेली की दिवा आणि पंखा एकदमच थांबतात. हजार अंशांची काच बंद डब्यात घुसमटते, आणि तिची उष्णता गोळीच्या दोन्ही शेपट्यांत जाते. तिथं काचेतून वीज आत नेण्यासाठी मॉलिब्डेनमची केसासारखी पातळ पत्री सील केलेली असते. ती साडेतीनशे अंशांच्या वर गेली की हवेनं गंजायला लागते, गंजली की फुगते आणि सील तडकवते. मग वीज येते. सर लगेच रिमोट दाबतात, कारण तास संपत आलेला असतो. गरम लॅम्पमध्ये दाब उतरलेला नसतो, ठिणगी पडायला फार जास्त व्होल्ट लागतात, सर्किट पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, आणि प्रत्येक वेळी दांड्याची टोकं थोडी थोडी उडतात. त्या शाळेत त्या सकाळी तीन वेळा वीज गेली होती. वर्गात यूपीएस नव्हता. संगणकाला होता, प्रोजेक्टरला नव्हता. अडीच-तीन हजारांचा छोटा यूपीएस फक्त पंख्यानं लॅम्प थंड होईपर्यंत पुरला तरी लॅम्प वाचतो. प्रोजेक्टर घेताना ज्यांनी कुणी यादी केली, त्यांनी ही एक वस्तू लिहायला हवी होती.

धुळीचं सांगतो. त्या प्रोजेक्टरचा फिल्टर मी काढला तेव्हा आतला स्पंज दिसेना. वर खडूची पांढरी भुकटी, खाली काळं काहीतरी. ते काळं म्हणजे उसाच्या पाचटाची काजळी. आमच्याकडं तोड झाली की पाचट पेटवतात, आणि ती काजळी खिडकीतून घरात, वर्गात, सगळीकडं येते. मंडळांत तर धूप आणि कापराचा धूर थेट मशिनच्या नाकात. फिल्टर तुंबला की पंखा नुसता फिरतो, हवा येत नाही. महिन्यातून एकदा फिल्टर काढून मऊ ब्रशनं झटकणं, एवढंच काम आहे. पाच मिनिटं. शाळेत ते कुणाकडं तरी नेमून द्यायला हवं, नाहीतर ते कुणाचंच नसतं. मंडळवाल्यांना आणखी एक सांगायचं आहे. हा दिवा आडवा जळण्यासाठी बनवलेला आहे. भिंतीवर उंच चित्र पाडायला प्रोजेक्टर पार उभा करू नका. ज्योत वर झुकते आणि काच एकाच जागी भाजते.

आणि मग नुसत्या बल्बचं प्रकरण. खरा लॅम्प प्लास्टिकच्या घरासकट येतो, आपला हात गोळीला लागतच नाही. तो आठ-दहा हजारांना पडतो. बाजारात अडीच-तीन हजारांत नुसता बल्ब मिळतो, तो जुन्या घरात बसवून देतात. पैसे वाचतात, मला कळतं. शाळेच्या खात्यात पैसे नसतात हेही कळतं. पण बसवताना गोळीला बोट लागलं, तर बोटाचा घाम म्हणजे मीठ. ते मीठ हजार अंशांवर क्वार्ट्झमध्ये शिरतं आणि बोटाच्या ठशाच्या जागीच काच पांढरी पडायला लागते. फुटते ती तिथून. मी हातमोजे घालतो, लॅम्प आरशाच्या कडेनं किंवा मागच्या सिरॅमिकच्या मानेनं धरतो. चुकून बोट लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसतो आणि वाळल्याशिवाय बसवत नाही.

माझ्या मेकॅनिक भावांना, हे वाचत असतील तर, एक गोष्ट. मीटर लावून या लॅम्पची कंटिन्युइटी, म्हणजे वीज आरपार जाते का ते, बघू नका. चांगला लॅम्पही कंटिन्युइटी दाखवत नाही, कारण आत तार नाही, फट आहे. मी कितीतरी चांगले लॅम्प ‘उडाला’ म्हणून भंगारात गेलेले पाहिलेत. बॅलास्ट, म्हणजे लॅम्प पेटवणारं सर्किट, टिकटिक करून थांबत असेल, तर आधी लॅम्पच्या दाराचा स्विच बघा, मग खात्रीचा लॅम्प लावून बघा. आणि बॅलास्ट उघडलाच तर त्याचा मोठा कपॅसिटर तपासा. त्यात ३८० व्होल्ट डीसी असतात, आणि वायर काढल्यावरही ते काही वेळ तिथंच राहतात.

२००५ साली त्या डॉक्टरांच्या सेटमध्ये मी घाई केली होती. सेट बंद करून दहा मिनिटांत लॅम्पचं दार उघडलं आणि बाहेर ओढला. डाव्या हाताची दोन बोटं भाजली. तर्जनीच्या पेरावरची कातडी आजही गुळगुळीत आहे, तिथं ठसा उमटत नाही, आधार कार्डाच्या वेळी त्रास झाला. भाजलं त्याचं मला फार वाटत नाही. तो लॅम्प गरम होता, म्हणजे आत दाब होता, आणि तो माझ्या तोंडापासून एक फुटावर होता, हे मला नंतर समजलं तेव्हा मात्र पोटात गोळा आला. आता मी वायर काढून एक तास थांबतो. गिऱ्हाईक कितीही घाई करू दे, चहा पितो पण थांबतो. चष्मा घालतो. आणि झाकण काढून, स्विच चिकटवून लॅम्प पेटवून बघायचा प्रकार कधी करत नाही. त्या उजेडात अतिनील किरण असतात, ते डोळे जाळतात.

लॅम्प फुटलाच तर काय करायचं, हे मला सगळ्यांत नीट सांगायचं आहे. थर्मामीटर फुटला की पाऱ्याचे मणी फरशीवर पळताना दिसतात, म्हणून लोक इथंही मणी शोधतात. पेटलेला लॅम्प फुटतो तेव्हा पारा आधीच वाफेत असतो. मणी दिसत नाहीत, वास येत नाही. मशिनच्या जाळीतून धुराचा एक झोत येतो आणि संपतो. म्हणून दिसत नाही म्हणजे नाही, असं धरू नका. वायर काढा. मुलांना बाहेर न्या, पडदे बाजूला सारा, खिडक्या उघडा आणि निदान अर्धा तास कुणी आत जाऊ नका. केरसुणी नको, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. त्याच्या गरम मोटरमधून पारा पुन्हा खोलीभर उडतो. हातमोजे घालून जाड कागदानं तुकडे उचला, बारीक कण ओल्या कागदानं किंवा चिकटपट्टीनं टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत घाला. मशिनच्या आतही काच आणि पारा बसलेला असतो, ते झटकू नका, तसंच मेकॅनिककडं द्या. एका लॅम्पच्या पाऱ्यानं वर्गातली मुलं आजारी पडतील, असं घाबरवायचा माझा हेतू नाही. खिडक्या उघडल्या की तो जातो. पण बंद खिडक्यांच्या खोलीत तासभर मुलं बसवणं, आणि मावशींनी तो केर उघड्या हातानं भरणं, हे टाळता येण्यासारखं होतं.

घरच्या टीव्हीबद्दल लोक विचारतील म्हणून थोडक्यात. एलईडी टीव्हीत पारा नसतो, निश्चिंत राहा. पण २००५ ते २०१२ च्या आसपास घेतलेल्या बऱ्याच एलसीडी टीव्हींत पडद्यामागं पेन्सिलपेक्षा बारीक काचेच्या नळ्या असतात. एकेका सेटमध्ये अनेक. प्रत्येकीत थोडा पारा असतो आणि त्यांना सातशे-हजार व्होल्ट लागतात. चित्र गुलाबी पडून दोन सेकंदांत अंधार झाला, आवाज मात्र येतोय, तर नळी किंवा तिला हे व्होल्ट पुरवणारं सर्किट, म्हणजे इन्व्हर्टर, गेलं म्हणून समजा. असा सेट भंगारवाल्याला दिलात तर तो तांब्यासाठी आणि ॲल्युमिनियमसाठी पडदा पायानं फोडतो, पत्र्यावर बसून, शेजारी त्याची पोरं खेळत असतात. मी पाहिलं आहे.

आता माझी विनंती. शाळांत टीव्हीसारखे नवे पॅनेल येऊ लागलेत, लेझरचे प्रोजेक्टर येऊ लागलेत. त्यांत हा दिवा नसतो, चांगलं आहे. म्हणजे येत्या चार-पाच वर्षांत गावोगावच्या कपाटांतून जुने प्रोजेक्टर आणि लॅम्प बाहेर पडतील. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता कराराला भारतानं २०१८ साली मान्यता दिली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत पारा असलेले दिवे आहेत. कागदावर सगळं आहे. माझ्या दुकानाच्या माळ्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यांत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले २३ लॅम्प आहेत. कचऱ्यात टाकवत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं साठवलेले. त्यांतले चार फुटलेले, ते वेगळ्या बरण्यांत. मी दोन ठिकाणी जाऊन विचारलं. एका ठिकाणी म्हणाले घंटागाडीत टाका. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले किमान एक टन माल असेल तर गाडी पाठवू.

तालुक्याच्या गावी, पंचायत समितीत किंवा गटशिक्षण कार्यालयात, झाकणाची एक पेटी ठेवावी. शाळांनी, मंडळांनी, आम्ही मेकॅनिकांनी जुने लॅम्प तिथं आणून द्यावेत, आणि वर्षातून एकदा ज्यांना परवाना आहे त्यांनी ते न्यावेत. आणि प्रोजेक्टरच्या खाली भिंतीवर लावायला, लॅम्प फुटला तर काय करायचं याचा एक पानी मराठी कागद. तो मी लिहून दिला आहे. त्या शाळेत सरांनी फळ्याशेजारी लावलाय, आणि मावशींनी तो मोठ्यानं वाचून घेतला. आणखी कुणाला हवा असेल तर त्यांनी झेरॉक्स न्यावी. पेटी कुठं ठेवणार तेवढं कुणीतरी सांगावं, पहिले २३ लॅम्प मी स्वतः आणून देतो.

आपला,
मिरजेतला एक टीव्ही मेकॅनिक